उतरलेली पट्टी आणि जुना श्रोता

गवई तरुण असताना त्याचे गाणे ऐकणे सोपे असते. गळा तयार, दम भरपूर आणि ऐकणाराचा कानही तीक्ष्ण. अशा वेळी रसिकतेची फारशी परीक्षा होत नाही. ती परीक्षा पुढे तीसचाळीस वर्षांनी होते. तोच गवई, तोच श्रोता. दोघांचेही केस पिकलेले. पूर्वी हाक मारताच जे स्वर धावत येत, त्यांची आता मनधरणी करावी लागते. अशा वेळी जुन्या श्रोत्याने काय करावे? डोळेझाक करावी, हळहळत बसावे, की जलशास न जाता घरी ध्वनिमुद्रिका लावून समाधान मानावे? वरवर पाहता हा प्रश्न केवळ करमणुकीचा वाटेल. परंतु ज्या घरांतून आजोबा, मुलगा आणि नातू एका छपराखाली नांदतात, तेथे तो थकलेल्या माणसाकडे कोणत्या दृष्टीने पाहावे याचाच प्रश्न होऊन बसतो. म्हणून त्याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

नेरुळचा जलसा

पनवेलहून हार्बर मार्गाच्या गाडीत बसले की अर्ध्या तासाच्या आत नेरुळ येते. तेथील डी. वाय. पाटील स्टेडियमवर १५ डिसेंबर २०१९ रोजी आयर्लंडमधील ‘यूटू’ या रॉक बँडचा जलसा झाला. बँड म्हणताच वरातीपुढे चालणारी लाल डगल्यांतील मंडळी वाचकांनी डोळ्यांपुढे आणू नयेत. हा अवघ्या चौघांचा मेळ आहे. एक गाणारा, दोघे विजेच्या गिटारी वाजविणारे आणि एक ढोलवादक. १९७६ साली डब्लिन शहरातील एका शाळेत लॅरी मलन नावाच्या विद्यार्थ्याने सूचनाफलकावर चिठ्ठी लावून वादक मागविले आणि त्यातून हा मेळ जमला. नेरुळच्या रंगमंचावर त्रेचाळीस वर्षांनी उभे होते तेही तेच चौघे. नाटक मंडळ्यांची फाटाफूट ज्यांनी पाहिली वा ऐकली आहे, त्यांस ही गोष्ट केवढी दुर्मिळ हे सांगावयास नकोच. त्यांचा गायक बोनो यास तेव्हा एकोणसाठावे वर्ष पुरे झाले होते.

या दौऱ्याची मांडणी मोठी सूचक होती. १९८७ साली निघालेल्या ‘द जोशुआ ट्री’ या ध्वनिमुद्रिकेतील अकराही गाणी त्यांनी मूळच्या क्रमाने म्हटली. जुन्या नाटक मंडळीने तीस वर्षांपूर्वीचे नाटक, एकही पद न गाळता, पुन्हा उभे करावे, तसाच हा प्रकार. ए. आर. रेहमान यांच्या साथीने ‘अहिंसा’ हे नवे गाणेही त्या रात्री झाले; पण लोक आले होते ते मुख्यतः जुन्या गाण्यांसाठी. आणि विशेष हे की, हा बँड हिंदुस्थानात गावयास आला तो प्रथमच.

या अखेरच्या गोष्टीत एक गंमत दडलेली आहे. युरोप-अमेरिकेतील जुन्या चाहत्याने या चौघांस पंचविशीत पाहिले, चाळिशीत पाहिले, साठीच्या उंबरठ्यावरही पाहिले. त्यांचे म्हातारपण त्याच्या डोळ्यांदेखत पावलापावलाने आले. आपल्या घरातील माणसाचे वय वाढलेले आपल्या ध्यानात येत नाही, तसेच त्याचे झाले असले पाहिजे. उलट आपल्याकडचा चाहता १९८७ पासून केवळ कॅसेटवर जगला. काळा घोड्यावरील ऱ्हिदम हाऊस हे दुकान म्हणजे अशा मंडळींचे मुंबईतील तीर्थक्षेत्रच होते. ते २०१६ साली बंद झाले. कॅसेटमधला गायक कायमचा सव्वीस वर्षांचा राहतो. त्या आवाजाशी बत्तीस वर्षे सोबत केलेला माणूस एके दिवशी नेरुळास येतो आणि त्याची गाठ प्रथमच पडते ती साठीकडे झुकलेल्या गृहस्थाशी. मधली सारी वर्षे एका क्षणात अंगावर येतात. परदेशी गेलेला भाऊ एकदम तीस वर्षांनी दारात उभा राहावा, त्यातलाच हा अनुभव.

काका आणि पुतण्या

कल्पना करा की, असा एक चाहता पनवेलजवळच्या विचुंब्यात राहतो. गाढी नदीकाठचे हे गाव आता इमारतींनी बरेच भरले आहे, आणि मुंबईत नोकऱ्या करणारी कितीतरी कुटुंबे या बाजूस येऊन राहिली आहेत. हा आमचा गृहस्थ १९८७ साली कॉलेजात होता. आज त्याने पन्नाशी ओलांडली आहे. त्याच्या बरोबर जलशास निघाला आहे त्याचा वीस वर्षांचा पुतण्या. दोघे एकाच गाडीने जातात, शेजारी शेजारी बसतात आणि एकच गाणे ऐकतात. तरीही दोघांस ऐकू येते ते मात्र एक नव्हे.

पुतण्यास समोर जे आहे तेवढेच दिसते. प्रचंड पडदा, दिव्यांचा झगमगाट आणि वरच्या स्वराशी येताच ध्वनिक्षेपक श्रोत्यांकडे वळवून ती ओळ त्यांच्याकडून म्हणवून घेणारा एक प्रौढ गायक. हा गृहस्थ स्वतः गात का नाही, असेही त्याच्या मनात येईल. काकांस मात्र दोन गाणी एकदम ऐकू येतात. एक समोरचे, आणि दुसरे आतले, कॉलेजच्या खोलीतील त्या कॅसेटवरचे. समोरचा स्वर जेथे कमी पडतो तेथे आतला स्वर त्याचा हात धरतो. काकांच्या तोंडून ती ओळ आपोआप बाहेर पडते, आणि गायक थांबला होता हे त्यांच्या ध्यानातही येत नाही. दोघेही प्रामाणिक आहेत. घरी परतताना गाडीत त्यांचा वाद जुंपला तर त्यात नवल नाही.

बदल कोणते होतात

आता भावनेचा भाग क्षणभर बाजूस ठेवून प्रत्यक्ष काय बदलते ते पाहू. वयाबरोबर कंठातील स्नायू बारीक होतात, स्वरतंतूंवरील मऊ आवरण ताठरते, आणि बरगड्यांची लवचिकता कमी झाल्याने छातीत श्वास पूर्वीइतका मावत नाही. परिणाम असा की, वरचे स्वर कष्टाने लागतात, लांब तान तुटते आणि सूर टिकवून धरणे अवघड होते. त्यावर जे उपाय आहेत ते पूर्वेस आणि पश्चिमेस सारखेच आहेत. आपला गवई पट्टी उतरवितो, तिकडचे वादक गिटारीच्या तारा अर्ध्या स्वराने सैल करतात. आपला गवई शिष्यास तंबोऱ्यावर मागे बसवून त्याच्याकडून जागा भरून घेतो, तिकडचा गायक तेच काम हजारो श्रोत्यांकडून करवून घेतो. जलद लय जरा मंदावते. दोन गाण्यांमधील बोलणे लांबते, कारण तेवढाच श्वासास विसावा मिळतो.

यादीही बदलते. तरुणपणी कलावंत नवे गाणे ऐकविण्यास उत्सुक असतो आणि लोकही ते ऐकण्यास आतुर असतात. पुढे लोकांस जुनेच हवे असते. नवे गाणे सुरू झाले की जुना श्रोता पाणी पिण्यास उठतो. कलावंताच्या दृष्टीने हे मोठे दुःख होय. ज्या श्रोत्यांनी त्यास मोठे केले, तेच त्यास त्याच्या पंचविशीत कोंडून ठेवतात.

आणि बदल केवळ गाणाऱ्यातच होतात असे थोडेच आहे! श्रोत्याचा कानही म्हातारा होतो. उंच आणि बारीक ध्वनी प्रथम कमी ऐकू येऊ लागतात. गुडघे दुखतात म्हणून उभ्याने ऐकण्याऐवजी खुर्चीचे तिकीट काढावे लागते. पूर्वी पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव रात्र रात्र चाले आणि लोक पहाटेची भैरवी ऐकून घरी जात. रात्री दहानंतर उघड्या जागी ध्वनिक्षेपक लावण्यास, काही ठराविक दिवसांचा अपवाद सोडता, २००० सालच्या नियमांनी मनाई झाली, आणि ती जागरणे संपली. जुने लोक यासाठी हळहळतात खरे. परंतु आज कोणी पहाटेपर्यंत बसविले तर त्यांतले किती जण बसतील, हे त्यांनीच मनाशी पाहावे.

यांखेरीज आणखी एक गोष्ट आहे. मानसशास्त्रज्ञांस असे आढळून आले आहे की, साधारणतः पंधरा ते पंचवीस या वयातील आठवणी माणसाच्या मनात सर्वांत खोल रुजतात. त्या वयात ऐकलेले गाणे एकटे राहत नाही. त्या वेळचे मित्र, परीक्षा, पहिली नोकरी आणि आता हयात नसलेली वडील माणसे त्यास चिकटून बसतात. म्हणून जुना श्रोता जलशास जातो तेव्हा तो केवळ गायकास भेटावयास जात नाही. त्याची स्वतःशीच गाठ पडते.

बालगंधर्वांचा दाखला

आपल्या महाराष्ट्रास हा अनुभव नवा नाही. नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व यांचा जन्म १८८८ सालचा. १९०५ साली ते किर्लोस्कर मंडळीत आले, १९११ साली ‘मानापमान’ नाटकात भामिनी झाले, १९१३ साली त्यांची गंधर्व नाटक मंडळी निघाली, १९१६ साली ‘स्वयंवर’ नाटकातील रुक्मिणी आणि १९१९ साली ‘एकच प्याला’तील सिंधू त्यांनी उभी केली. ‘वन्समोअर’च्या गजराने नाटक लांबत लांबत पहाट होई. स्त्रियांनी त्यांचे लुगडे नेसणे आणि दागिने घालणे उचलावे, असे त्यांचे वेड होते. अहमदजान तिरखवाँसारखा तबलजी आणि कादरबक्षांसारखा सारंगिया त्यांच्या साथीस असे.

पुढे बोलपट आले. १९३१ नंतर एकामागून एक नाटक मंडळ्या बुडाल्या. १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’ बोलपटात बालगंधर्वांनी एकनाथांची, म्हणजे पुरुषाची, भूमिका केली. परंतु ते पुन्हा रंगभूमीवर परतले आणि पन्नाशी उलटल्यावरही स्त्रीवेषाने उभे राहिले. येथे आपला प्रश्न अगदी तीव्र स्वरूपात पुढे येतो. रॉक गायकाचे केस पिकले तरी तो गायकच असतो. परंतु भामिनी ही नवयौवना आहे. पन्नाशीच्या देहाने तिचा आभास उभा करावयाचा तर त्याचा अर्धा भार प्रेक्षकाच्या कल्पनेवर पडणारच.

ज्यांनी १९११ साली विशीत असताना ती भामिनी पाहिली होती, त्यांनी हा भार आनंदाने उचलला. त्यांस रंग, सुरकुत्या आणि स्थूलता दिसत नव्हती असे नव्हे. परंतु पदाचा पहिला स्वर लागताच मधली वर्षे गळून पडत. त्यांच्या बरोबर आलेल्या तरुण मुलांस मात्र हे कोडे वाटावे हे स्वाभाविकच होते. त्यांच्याजवळ १९११ नव्हते. पुढे उत्तरायुष्यात बालगंधर्वांच्या पायांतील शक्ती गेली, रंगभूमी सुटली, आणि भजने गाण्यावर त्यांचा भर राहिला. १९५५ साली त्यांस संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६४ साली पद्मभूषण मिळाले. १९६७ साली ते निवर्तले. पुढच्याच वर्षी पुण्यात त्यांच्या नावाचे रंगमंदिर उघडले.

या कहाणीची एक बाजू श्रोत्यांच्या प्रेमाची आहे, तशीच दुसरी बाजू त्या प्रेमाने घातलेल्या भाराचीही आहे. लोकांस भरजरी शालू, अत्तरे आणि नवे पडदे हवे होते. ते पुरविताना मंडळी कर्जात बुडाली. लोकांस भामिनीच हवी होती. वयास शोभणाऱ्या निराळ्या भूमिकेत त्यांस पाहण्याची हौस श्रोत्यांनी तितक्या उत्साहाने दाखविली असती, तर त्यांची उतारवयातील वाट कदाचित सुकर झाली असती. प्रेमाचेही ओझे होऊ शकते, हा धडा येथे घ्यावयाचा.

थांबणे आणि गात राहणे

याच्या अगदी उलट उदाहरण केसरबाई केरकरांचे. गोव्यातील केरी गावी १८९२ साली जन्मलेल्या या गायिकेने १९६४ च्या सुमारास, सत्तरीनंतर, जाहीर गाणे बंद केले. उतरलेला सूर लोकांच्या कानी पडू नये, असाच त्या निर्णयाचा अर्थ रसिकांनी घेतला. १९७७ साली अमेरिकेने जी व्हॉयेजर याने अंतराळात सोडली, त्यांवरील तबकडीत जगातील निवडक संगीताबरोबर केसरबाईंची भैरवीही आहे. याने निघाली आणि थोड्याच दिवसांत, १६ सप्टेंबर रोजी, केसरबाई निवर्तल्या. सूर्यमालेच्या पलीकडे जो आवाज चालला आहे तो कधीच म्हातारा होणार नाही. थांबण्यात केवढी प्रतिष्ठा असते, हे यावरून दिसते.

मग गात राहणाऱ्यांनी चूक केली काय? तसेही म्हणता येत नाही. पंडित भीमसेन जोशी यांनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव चालविला आणि वर्षानुवर्षे त्याचा समारोप स्वतःच्या गाण्याने केला. आजारपणे सोसूनही २००७ साली, वयाच्या पंचाऐंशीव्या वर्षानंतर, ते त्या मंचावर पुन्हा गावयास बसले. ऐन भरातील ती गर्जना आता मिळावयाची नाही, हे समोर बसलेल्यांस ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? परंतु त्या दिवशी कोणी तान मोजावयास आले नव्हते. पन्नास वर्षे ज्याने दिले त्याच्यासमोर बसावयास लोक आले होते. जलशाचे रूपच येथे पालटते. तरुणपणी तो पराक्रम असतो, म्हातारपणी ती भेट असते. पराक्रमास गुण द्यावयाचे असतात. भेटीस कोणी गुण देत नाही.

पश्चिमेकडेही हाच पेच आहे. लंडनचा ‘रोलिंग स्टोन्स’ हा बँड १९६२ सालचा. २००३ च्या एप्रिलात तो मुंबईस ब्रेबोर्न स्टेडियमवर गाऊन गेला. त्याचा ढोलवादक चार्ली वॉट्स २०२१ साली वयाच्या ऐंशीव्या वर्षी वारला, तरी मंडळी थांबली नाही. मिक जॅगर हा त्यांचा गायक ऐंशी वर्षांचा होऊन गेल्यावर २०२४ साली अमेरिकेचा दौरा करून आला. ‘यूटू’चेही पुढे तसेच झाले. २०२३ साली अमेरिकेतील लास व्हेगस येथे त्यांच्या जलशांची मालिका झाली तेव्हा शस्त्रक्रियेमुळे मलन येऊ शकला नाही, आणि दुसरा ढोलवादक बसवावा लागला. ज्याने चिठ्ठी लावली तोच गैरहजर! तेव्हा नेरुळास ज्यांनी चौघांस एकत्र पाहिले, त्यांच्या पदरात काय पडले होते याची किंमत त्यांस चार वर्षांनी कळली असावी. उतरलेल्या पट्टीची खंत करणारास पुढची पायरी रिकाम्या जागेची आहे, हे सहसा सुचत नाही.

घरातील प्रश्न

तर मग जुन्या श्रोत्याचा धर्म कोणता? आमच्या मते तीन गोष्टी त्याने सांभाळाव्या.

पहिली गोष्ट, त्याने खोटे बोलू नये. ‘अजून तोच आवाज आहे’ असे पुतण्यास सांगितल्याने कलावंताचा मान वाढत नाही. उलट मुलाच्या कानावरचा त्याचा स्वतःचा विश्वास डळमळतो. आवाज तो नाही, हे मोकळेपणाने कबूल करावे. त्यानंतर आवाजाखेरीज काय उरले आहे ते दाखवावे. शब्द कोठे तोडावा, कोठे थांबावे, कोणता स्वर न घेताच सुचवावा, ही समज वयानेच येते आणि ती तरुण गळ्यास सहसा साधत नाही. एवढे कळले की पुतण्याही निराळ्या कानांनी ऐकू लागेल.

दुसरी गोष्ट, त्याने हट्ट धरू नये. जे गाणे कलावंतास आता झेपत नाही त्याचाच आग्रह धरणे हे रसिकतेचे लक्षण नव्हे. त्याने नवे काही मांडले तर ते स्वस्थ बसून ऐकावे. पाणी दहा मिनिटांनी प्यायल्याने काही बिघडत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. जुना श्रोता आपल्या आठवणीस गाण्याची कसोटी समजतो, आणि त्या कसोटीवर नव्या पिढीच्या गाण्यासही नापास करून मोकळा होतो. त्याच घरातील पुतण्याचे आवडते गायक आज पंचविशीत आहेत. २०५५ साली तेही उतरलेल्या पट्टीत गातील, आणि पुतण्या आपल्या मुलास घेऊन त्यांस ऐकावयास जाईल. त्या वेळी आपल्या मुलाशी कसे बोलावे हे तो आज काकांकडूनच शिकत आहे.

आपल्या कुटुंबांतून म्हाताऱ्या माणसांस पाया पडण्याची रीत आहे आणि ती चांगली आहे. परंतु पाया पडून झाल्यावर आजोबांच्या बोलण्याकडे लक्ष देणारी मुले घरोघर किती आहेत? तीच गोष्ट तीनदा सांगतात म्हणून आपण त्यांस टाळतो. आणि त्याच वेळी पंचवीस वर्षांपूर्वी वकिली गाजविणारे आजोबा किती हुशार होते याची प्रौढी पाहुण्यांपुढे मिरवितो. म्हणजे आपणही त्यांची जुनी तबकडीच लावून बसलेलो असतो. समोरचा माणूस ऐकावयाचा राहूनच जातो. वृद्ध गायकाच्या जलशास जाऊन एवढी एक गोष्ट उमगली, तर तिकिटाचे पैसे वसूल झाले असे समजावयास हरकत नाही. आवाज उतरला तरी सांगण्यासारखे काही शिल्लक आहे तोवर समोर बसून ऐकणारा कोणी असावा, एवढीच गवयाची अपेक्षा असते; आणि घरातल्या वडील माणसाचीही.